कोळ्याचा तंतू आणि स्कोपचा क्लिक

नवा स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, हातात दिसला की नेमबाजीच्या रेंजवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती एक्सचा?’, म्हणजे चित्र किती पट मोठं करतो. सहा म्हटलं तर समोरच्याला कीव येते, पंचवीस म्हटलं तर मान मिळतो. लांब पल्ल्यासाठी मात्र हा आकडा बऱ्याच खालच्या क्रमांकाचा आहे. खोक्यावर तोच सगळ्यात ठळक छापलेला असतो, हा भाग वेगळा.

मुळात नेम धरायला स्कोप लागतोच असं नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तो चालतच नाही. पुण्यात बालेवाडीला सराव करणाऱ्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते बारीक छिद्रातून पाहायच्या साध्या साइटवर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. डोळा आणि एक छिद्र एवढ्यावर ते साधत असेल, तर स्कोपचं काम नेमकं काय?

काम सुरू होतं अंतर वाढलं की. गोळी नळीबाहेर पडल्या क्षणापासून खाली पडू लागते. पॉइंट टू टू रायफलची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा भागही लागत नाही, पण तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली सुमारे १२ सेंटीमीटर येते. १०० मीटरला वेळ दुप्पट, म्हणून पडणं चौपट, जवळजवळ अर्धा मीटर. मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या रायफलची, सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली गोळीसुद्धा १००० मीटरवर दहा मीटरपेक्षा जास्त खाली गेलेली असते, म्हणजे तीन मजले. तेव्हा नळी नेमकी किती वर उचलायची, तो कोन मोजून देणारं काहीतरी हवं.

हे मोजमाप दुर्बिणीत आलं आकाशाकडे बघणाऱ्यांमुळे. गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढचं भिंग बहिर्गोल आणि डोळ्याकडचं अंतर्गोल असे. तिच्या आत कुठेही खरी प्रतिमा तयार होत नाही, त्यामुळे तिच्यात खुणेची रेघ बसवता येत नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगं बहिर्गोल असलेली रचना मांडली. तिच्यात दृश्य उलटं दिसतं, पण नळीच्या आत हवेत प्रतिमा खरोखर तयार होते. पुढे १६४०च्या आसपास इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइन याच्या दुर्बिणीत एका कोळ्याने नेमक्या त्याच जागी तंतू ओढला. तंतू आणि दूरचं दृश्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसलं. गॅस्कॉइनने त्याचा फायदा घेऊन प्रतिमेच्या जागी खुणा बसवल्या, त्या बारीक स्क्रूने सरकवल्या आणि ग्रहांचे व्यास मोजले. आजच्या स्कोपमधली फुली म्हणजे रेटिकल आणि ती फुली सरकवणारी, वरची टिकटिक करणारी चकती म्हणजे टरेट ही त्याचीच वंशावळ. मधे आणखी भिंगं घालून उलटं चित्र सुलटं केलं, एवढीच भर.

म्हणून स्कोप घेताना सगळ्यात आधी पाहायचा तो टरेट. त्याचं माप दोन पद्धतींत मिळतं, मिल आणि एमओए. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर, १००० मीटरवर एक मीटर. बहुतेक टरेटचा एक क्लिक ०.१ मिलचा, म्हणजे १०० मीटरवर एक सेंटीमीटर. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर, आणि त्याचा पाव हिस्सा क्लिकला. आपण सेंटीमीटरमध्ये वाढलेली माणसं. मिल घ्यावं आणि मोकळं व्हावं. मात्र रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असा संकर काही स्वस्त स्कोपमध्ये मिळतो, तो फुकट दिला तरी घेऊ नये.

टरेट खरं बोलतो का, हे एकही गोळी न झाडता कळतं. १०० मीटरवर ओळंबा धरून उभी मोजपट्टी लावा. स्कोप शिकंज्यात घट्ट आवळा, फुली पट्टीच्या एका आकड्यावर आणा आणि ५० क्लिक फिरवा. फुली बरोबर ५० सेंटीमीटर सरकली पाहिजे. ४८ सरकली, तर चार टक्के चूक. दहा मीटरची भरपाई करताना ती ४० सेंटीमीटर होते. मग उलटे ५० क्लिक फिरवून फुली मूळ आकड्यावर येते का तेही बघा. फुलीची उभी रेघ पट्टीशी जुळवूनही ती तिरकी सरकत असेल तर रेटिकलच वाकडं बसलंय. (हा उद्योग रेंजवरच करावा. सोसायटीच्या गच्चीवर केलात तर शेजारी पोलिसांना फोन करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.)

आता त्या एक्सकडे. निरोगी डोळा साधारण ६० आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तपशील वेगळा ओळखतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाची प्रकाशशास्त्राने ठरवलेली मर्यादा २.३ आर्कसेकंद. एकाला दुसऱ्याने भागा, उत्तर येतं २६. त्याच्या फार पुढचं वर्धन चित्र मोठं करतं, त्यात नवं काही दाखवत नाही. शिवाय चित्र काळवंडतं. भिंगाचा व्यास भागिले वर्धन एवढीच प्रकाशाची शलाका डोळ्यात शिरते. २५ एक्सला ती २ मिलिमीटर, १० एक्सला ५. आणि पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, तेव्हा तर ही मर्यादा गाठायच्या कितीतरी आधीच लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. अशा वेळी वर्धन कमी करणंच शहाणपणाचं. त्या थरथरीचा कल पाहून वारा कुठून आहे ते कळतं, हा वरचा फायदा.

वर्धन बदलणार म्हटल्यावर रेटिकल कुठे बसवलंय हे विचारावं लागतं. ते झूमच्या भिंगांच्या पुढे असेल, तर चित्राबरोबर लहानमोठं होतं आणि त्यावरच्या खुणा प्रत्येक वर्धनाला खऱ्या राहतात. मागे असेल, तर खुणा एकाच ठरावीक वर्धनाला खऱ्या. ते निम्मं केलं की एक मिलची खूण दोन मिल दाखवू लागते. स्पर्धेच्या घाईत हे लक्षात राहत नाही.

पॅरलॅक्सचं बटण मात्र हवंच. पॅरलॅक्स म्हणजे डोळा बाजूला सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं. ४० मिलिमीटरच्या भिंगाचा, १०० मीटरला पक्का केलेला स्कोप ३०० मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर नेम ४ सेंटीमीटरपर्यंत हुकतो, रायफल हललेली नसतानाही.

काचेच्या लेपांबद्दल जाहिराती पानंच्या पानं लिहितात. त्यात तथ्य आहे. लेप नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार टक्के प्रकाश परत फेकतो, आणि दहा भिंगांचे वीस पृष्ठभाग झाले की निम्म्याहून कमी प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. पण चांगले लेप आता मध्यम किमतीतही मिळतात.

स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावायचा असेल, तर दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा. तिचा झटका आधी मागे आणि मग पुढे बसतो, आणि भारी बंदुकांवर टिकलेले स्कोपही त्या उलट्या झटक्याने खिळखिळे होतात.

राहिला आपला पावसाळा. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेला स्कोप आतून धुरकटत नाही, पण बाहेरच्या काचेवर बुरशी धरतेच. जून ते सप्टेंबर तो फोमच्या पेटीत कोंडून ठेवू नका. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करून घ्या.