टेस्टोस्टेरॉन आणि वर्चस्व : आधी झुंज की आधी संप्रेरक?

गोऱ्हा खच्ची केला की निवळतो, हे पशुपालकांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. त्यामागे काय आहे, याचा पहिला पक्का धागा १८४९ साली जर्मनीतील गटिंगेनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांना सहा कोवळ्या कोंबड्यांमध्ये सापडला. दोघांची वृषणे त्यांनी पूर्ण काढून टाकली. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण मूळ जागेपासून सोडवून ठेवले. दोघांचे स्वतःचेच, दोघांचे अदलाबदल केलेले. पहिल्या दोघांचे तुरे खुरटे राहिले, ते धड आरवेनात आणि झुंजीलाही उभे राहिनात. बाकीचे चौघे मात्र आरवत, माद्यांमागे लागत, एकमेकांवर तुटून पडत. नंतर पोट उघडले तेव्हा वृषण आतड्याला चिकटून जगलेले दिसले. मज्जातंतू जुळलेले नव्हते, रक्तवाहिन्या मात्र नव्याने फुटल्या होत्या. म्हणजे जो काही परिणाम होतो तो रक्तातून होतो.

१८८९ मध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. ती मनाची उभारी असावी, कारण वृषणात तयार होणारे संप्रेरक (रक्तातून फिरून शरीराला संदेश देणारा पदार्थ), म्हणजे टेस्टोस्टेरॉन, तिथे साठून राहत नाही आणि ते पाण्यात फारसे विरघळतही नाही. खरा पदार्थ हाती आला तो १९३५ मध्ये. ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे १०० किलो वळूंच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, त्यामुळे प्रयोगांना पुरेल इतके मिळू लागले.

१९३९ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ ॲली आणि सहकाऱ्यांनी ते कळपात तळाला असलेल्या कोंबड्यांना टोचले. मुकाट टोची खाणाऱ्या माद्या क्रमवारीत वर चढल्या. ‘संप्रेरक वाढले की आक्रमकता वाढते’ ही समजूत इथे घट्ट बसली आणि आजही ती निघता निघत नाही.

तिला तडा गेला तो रक्तातील सूक्ष्म प्रमाण मोजता येऊ लागल्यावर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट रोझ यांनी ऱ्हीसस माकडांत पाहिले, की अनोळखी टोळीकडून मार खाल्लेल्या नराचे टेस्टोस्टेरॉन कोसळते आणि माद्यांच्या सहवासात चढते. म्हणजे पातळी हे झुंजीचे कारण जितके, तितकाच तिचा परिणामही! माझ्या मते या विषयातले सर्वांत मोठे वळण हेच. १९९० मध्ये जॉन विंगफील्ड यांनी पक्ष्यांवरून त्याला नीट आकार दिला : हद्द ठरवताना आणि जोडीदार राखताना पातळी चढते, पिल्लांना भरवताना उतरते. कृत्रिमरीत्या ती चढीच ठेवली, तर अनेक जातींचे नर पिल्लांकडे दुर्लक्ष करतात. चढ्या पातळीची किंमत अशी मोजावी लागते.

माणसांत ॲलन मझूर यांनी टेनिसपटूंपासून सुरुवात केली. जिंकणाऱ्याची पातळी हरणाऱ्यापेक्षा वर राहते असे अनेकदा आढळले, पण नेहमी नाही. सामना किती महत्त्वाचा वाटला, जय स्वतःच्या खेळाने मिळाला की नशिबाने, यावरही ते अवलंबून दिसते. मूळ पातळी आणि आक्रमकता यांचा संबंध तर फारच क्षीण आहे. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर सहसंबंध (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.०५ ते ०.१४ इतकाच भरतो.

मापनातल्या चुकांनीही बराच गोंधळ घातला. पुरुषांत पातळी सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभर उतरत जाते. म्हणून एकाचा नमुना सकाळी आणि दुसऱ्याचा संध्याकाळी घेतला तर तुलनाच फसते. कापसाच्या बोळ्याने लाळ गोळा केली तर आकडा खोटाच वाढू शकतो. नुसती लाळ नळीत ओघळू देणे बरे. स्त्रियांतील कमी पातळ्या मोजताना प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या वारंवार चुकतात, तिथे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे द्रव्यमान वर्णपटमापनच (मास स्पेक्ट्रोमेट्री) वापरावे.

२०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात स्त्रियांना जिभेखाली टेस्टोस्टेरॉनचा ०.५ मिलिग्रॅमचा एकच डोस किंवा तसाच खोटा डोस देऊन चार तासांनी पैसे वाटून घेण्याचा खेळ खेळायला लावला. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांनी समोरच्याला अधिक न्याय्य वाटा देऊ केला. कमी वाटा दिला तो आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांनी. मग डोस खरा असो वा नसो.