स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा आरोपीचा हक्क

फौजदारी गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे तत्त्व. भारतात ते संविधानाच्या अनुच्छेद २० (३) मध्ये मूलभूत हक्क म्हणून ग्रथित आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही त्याची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही.

उगम : या तत्त्वाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या मांडणीनुसार त्याचे मूळ सतराव्या शतकातील इंग्लंडच्या धार्मिक-राजकीय संघर्षात आहे. स्टार चेंबर व हाय कमिशन या न्यायासनांपुढे आरोपीला आधी शपथ घ्यावी लागे. आरोप काय आहे ते नंतर कळे. राजसत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या जॉन लिलबर्न या बंडखोराने १६३७ च्या सुमारास अशी शपथ नाकारली, त्याबद्दल त्याला फटके खावे लागले आणि १६४१ मध्ये पार्लमेंटने ही दोन्ही न्यायासने रद्द केली. लेनर्ड लेव्ही यांनी या घटनाक्रमाला स्वातंत्र्यलढ्याचे रूप दिले. आर. एच. हेल्महोल्झ यांनी मात्र, कोणालाही स्वतःला उघडे पाडण्यास बांधता येत नाही हे सूत्र मध्ययुगीन युरोपीय चर्च-कायद्यात आधीपासून होते व इंग्लिश प्यूरिटनांनी (कडव्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी) ते तेथूनच उचलले, असे दाखवले. जॉन लँगबीन यांचा आक्षेप आणखी मूलगामी आहे. अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील मिळत नसे. स्वतः बोलणे हाच त्याचा बचाव होता, तेव्हा गप्प राहण्याच्या हक्काला व्यवहारात अर्थच नव्हता. बचावाचे वकील न्यायालयात रुळले, तेव्हा हा हक्क प्रत्यक्षात आला. शपथेपुरती जुनी मांडणी टिकते. खटल्यातील प्रत्यक्ष प्रथेसाठी लँगबीन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीने (१७९१) या तत्त्वाला प्रथम राष्ट्रीय संविधानात स्थान दिले.

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्रात असे तत्त्व शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते फारसे पटणारे नाहीत. याज्ञवल्क्य स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश ही दिव्ये (दोषी-निर्दोष ठरवण्याच्या कसोट्या) सांगितली आहेत. मराठेशाहीतही उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे ‘रवा’ दिव्य चाले. तेथे आपली शुद्धता सिद्ध करण्याचा भार दिव्य करणाऱ्यावरच असे.

भारतातील विकास : संविधानाच्या कितीतरी आधी हे संरक्षण पुराव्याच्या कायद्यातून आले. मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशी आयोगाने १८५५ मध्ये महसूल व पोलीस कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या छळाची नोंद केली. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यातून वगळला आणि तीच तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम २५ ते २७ म्हणून आली. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ही तीन कलमे कलम २३ मध्ये एकत्र झाली आहेत. रोजच्या खटल्यात आरोपीला अनुच्छेद २० (३) पेक्षा या तरतुदीचाच आधार जास्त मिळतो.

तिला असलेला अपवाद (जुने कलम २७) मात्र मोठा आहे : आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढे सांगणे ग्राह्य ठरते. पोलीस ठाण्यात दोन पंचांसमक्ष आरोपी ‘हत्यार लपवलेली जागा दाखवतो’ असे सांगतो, त्याचा निवेदन पंचनामा होतो, मग सर्वजण गाडीने त्या जागी जातात आणि जप्ती पंचनामा लिहिला जातो. पुलुकुरी कोट्टाया खटल्यात (१९४७) प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायासनाने) या निवेदनाची मर्यादा आखली. ‘सुरा मी घराच्या छपरात लपवला आहे’ एवढे ग्राह्य, ‘त्याने मी अमक्याला भोसकले’ हे अग्राह्य. पंच फितूर झाल्यास या पुराव्याचे वजन घटते, तरी तपासी अंमलदाराच्या साक्षीवर तो टिकूही शकतो.

न्यायालयीन अर्थविवरण : एम. पी. शर्मा खटल्यात (१९५४) आठ न्यायाधीशांच्या पीठाने ‘साक्षीदार होणे’ याचा अर्थ पुरावा पुरवणे असा व्यापक केला. झडती व जप्तीला मात्र बाधा मानली नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्थ आवरता घेतला. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःच्या माहितीतून काही सांगणे नव्हे, म्हणून त्यांची सक्ती चालते, असे बहुमताने ठरले. तीन न्यायाधीशांनी निष्कर्ष मान्य करून कारणे वेगळी दिली. नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) पोलीस चौकशीच्या टप्प्यालाही संरक्षण लागू केले गेले आणि मानसिक दडपणही सक्तीत धरले गेले.

नार्को चाचणीवरून (औषध देऊन अर्धवट शुद्धीत केलेल्या चौकशीवरून) उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालय यांच्या दृष्टिकोनांत फरक पडला. मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना मुभा दिली होती. सेल्वी खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची यंत्रचाचणी) व ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या प्रतिसादांची नोंद) या तिन्हींची सक्ती घटनाबाह्य ठरवली. संमतीने केलेल्या चाचणीतील उत्तरेही पुरावा ठरत नाहीत. त्यांतून पुढे हाती लागलेली वस्तू मात्र ग्राह्य ठरू शकते. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो, असे रितेश सिन्हा खटल्यात (२०१९) ठरले. मोबाइलचा पासवर्ड सांगण्याच्या सक्तीबाबत निर्णय एका दिशेचे नाहीत.

मौनाचा परिणाम : सरकारी पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. वकिलांच्या बोलण्यात हा अजूनही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ वरून) ‘तीनशेतेराचा जबाब’ आहे, जरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ३५१ खाली येतो. यावेळी शपथ दिली जात नाही, उत्तर नाकारल्याबद्दल शिक्षाही नाही. आरोपीला इच्छा असल्यास स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची सोय १९५५ च्या दुरुस्तीने झाली. त्याने ती वापरली नाही म्हणून सरकारी पक्षाला टीका करता येत नाही. पत्नीचा मृत्यू राहत्या घरात झाला असेल आणि त्यावेळी पती तेथे असेल, तर त्याचे स्पष्टीकरण न देणे हा परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीतील जादा दुवा मानता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात २००६ मध्ये म्हटले. हे मौनाच्या हक्काशी कितपत जुळते, याची चर्चा न्यायनिर्णयांत त्रोटकच आहे.

विशेष कायदे : महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मकोका) याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध, तसेच त्याच खटल्यातील सहआरोपीविरुद्धही ग्राह्य असतो. कबुली देणे बंधनकारक नाही हे अधिकाऱ्याने आधी समजावून सांगावे लागते. अंमली पदार्थविषयक कायद्याखालील अधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाब मात्र तोफान सिंग निर्णयानंतर (२०२०) अग्राह्य ठरला आहे.