लोकसभेच्या पोटनिवडणुका: सोलापूरचं 2003 आणि ‘उरलेल्या मुदती’चा घोळ

लोकसभेची एखादी जागा रिकामी झाली की दुसऱ्या दिवसापासून इच्छुकांच्या नावांची यादी फिरायला लागते. कोणाचं तिकीट पक्कं, कोणाला वरून फोन आला, कोण नाराज होणार. सोलापुरात ही यादी ऐकणारा जुना माणूस आधी वेगळंच विचारतो: जागा रिकामी झाली कशी? खासदार वारले, की वर चढले, की दुसऱ्या पक्षात गेले? उमेदवार कोण असेल आणि त्याचं काय होईल, याचा निम्मा अंदाज या उत्तरातून येतो, आणि सोलापूरकरांना ही खोड 2003 पासून लागली आहे.

त्या वर्षी जानेवारीत राज्याचा मुख्यमंत्री बदलला आणि सोलापूरचे खासदार मुख्यमंत्री झाले. 1998 आणि 1999 अशा दोन निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या होत्या. मुख्यमंत्री म्हणून सहा महिन्यांत विधिमंडळात येणं भाग होतं. दक्षिण सोलापूरच्या काँग्रेस आमदारांनी आपली जागा मोकळी करून दिली आणि मुख्यमंत्री तिथून विधानसभेत गेले. मागे लोकसभेची जागा रिकामी राहिली. काँग्रेसने तिची उमेदवारी दिली ती दक्षिणची जागा सोडणाऱ्या त्याच माजी आमदारांना. उपकाराची परतफेड म्हणून हे समजण्यासारखं होतं, पण मतदारांना हिशेब पटला नाही. मतदारसंघ तेव्हा खुला होता. भाजपने अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातला उमेदवार दिला. त्यांचे बंधू त्याच आघाडी सरकारात राष्ट्रवादीचे मंत्री होते! एक भाऊ सरकारात, दुसरा सरकारविरोधी पक्षाच्या चिन्हावर. निकाल लागला तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या गावातली, मुख्यमंत्र्यांनीच सोडलेली जागा भाजपकडे गेली होती.

याआधीचा इतिहास थोडक्यात. 1952 मध्ये सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ होता आणि दोन्ही जागा काँग्रेसबाहेर गेल्या, एक शेकापकडे, एक शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडे. साठच्या दशकापासून काँग्रेसची पकड बसली. 1980 ते 1996 या काळात शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर समाजातले दोन खासदार प्रत्येकी दोन वेळा निवडून आले. 1996 मध्ये भाजपने ही साखळी तोडली. 2008 च्या पुनर्रचनेनंतर जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि तेव्हापासून उमेदवारीची सगळी गणितं बदलली. पोटनिवडणुकीत बड्या नेत्याचं काय होऊ शकतं, याची राज्यातली जुनी उदाहरणंही दोन टोकांची आहेत. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राज्यघटनेचे शिल्पकार हरले. 1963 मध्ये नाशिकमधून देशाचे संरक्षणमंत्री बिनविरोध निवडून गेले.

2003 च्या निकालाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. फेब्रुवारी 2004 मध्ये ती लोकसभाच विसर्जित झाली. म्हणजे पोटनिवडणूक जिंकलेल्या खासदाराला मिळाले जेमतेम काही महिने. लगेचच्या सार्वत्रिक निवडणुकीत भाजपने उमेदवार बदलला, काँग्रेसने मुख्यमंत्र्यांच्या पत्नीला उभं केलं आणि जागा पुन्हा भाजपकडेच राहिली. एवढ्याशा काळासाठी निवडणूक कशाला, असं त्या वेळी कोणी म्हटलं नाही. वीस वर्षांनी पुण्यात नेमकं हेच म्हटलं गेलं, आणि आजच्या पोटनिवडणुकांची चर्चा करताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

नियम असा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 मध्ये 151अ हे कलम घातलं गेलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच बाबतीत: सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड असल्याचं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. वाचताना सरळ वाटतं. गाडी अडते ती ‘उरलेली मुदत’ या दोन शब्दांवर. उरलेली कधीपासून? जागा रिकामी झाली त्या दिवसापासून, की नवा सदस्य निवडून येईल त्या दिवसापासून?

भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी डिसेंबर 2017 मध्ये राजीनामा दिला. लोकसभेची मुदत जून 2019 पर्यंत होती. पोटनिवडणुकीला आव्हान दिलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मोजणी जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून धरली. निवडणूक 28 मे 2018 ला झाली, काही मतदान केंद्रांवर यंत्रं बिघडल्यामुळे 30 मे रोजी फेरमतदानही झालं, आणि जागा राष्ट्रवादीने भाजपकडून घेतली. त्यानंतर आंध्र प्रदेशातल्या काही खासदारांचे राजीनामे मंजूर झाले, तोवर जून उजाडला होता आणि वर्षाहून कमी मुदत राहिली होती, म्हणून तिथे पोटनिवडणुका झाल्या नाहीत. दोन्ही ठिकाणी एकच फूटपट्टी लावली, आणि यात कोणाला खोट काढता येणार नाही.

मग आलं पुणे. तिथल्या खासदारांचं निधन 29 मार्च 2023 ला झालं. लोकसभेची मुदत 16 जून 2024 पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून जास्त. फूटपट्टीने पोटनिवडणूक घ्यायलाच हवी होती. ती झाली नाही. आयोगाने दुसऱ्या सुटीचा आधार घेतला: यंत्रणा 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे, आणि निवडून येणाऱ्याला तीन-चार महिनेच मिळतील. मे महिन्यात चंद्रपूरच्या खासदारांचंही निधन झालं, तिथेही तसंच. पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या इतर राज्यांतल्या काही विधानसभा जागांवर मात्र याच काळात मतदान झालं. तिथे यंत्रणा मोकळी होती म्हणायची. मुंबई उच्च न्यायालयाला आयोगाची कारणं पटली नाहीत आणि 13 डिसेंबर 2023 रोजी त्याने पुण्याची पोटनिवडणूक तातडीने घ्यायला सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणेकर वर्षभर खासदाराविना राहिले आणि थेट सार्वत्रिक निवडणुकीत मतदानाला गेले.

खरी गंमत अकोल्यात झाली. अकोला पश्चिमच्या आमदारांचं निधन 3 नोव्हेंबर 2023 ला झालं. विधानसभेची मुदत 26 नोव्हेंबर 2024 पर्यंत, म्हणजे वर्षाला जेमतेम तीन आठवडे जास्त. इथे आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली, लोकसभेबरोबर 26 एप्रिल 2024 ला. निकाल 4 जूनला लागणार होता, म्हणजे नव्या आमदाराला सहा महिनेसुद्धा मिळाले नसते. पुण्यात तीन-चार महिन्यांसाठी निवडणूक नको म्हणणाऱ्यांना अकोल्यात सहा महिन्यांहून कमी काळासाठी ती हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्याच नागपूर खंडपीठाने 26 मार्च 2024 रोजी ती रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याच्या वाट्याला वर्षापेक्षा कमी मुदत येत होती. म्हणजे मोजणी पुन्हा दुसऱ्या टोकापासून. काहीच दिवसांनी हरयाणातल्या कर्नालची पोटनिवडणूक याच मुद्द्यावर रोखण्याचा प्रयत्न झाला. तिथल्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि नवे मुख्यमंत्री तिथून निवडून आले. त्यांनाही विधानसभेची मुदत संपायला काही महिनेच होते.

कायद्याचा हा वाद कोरडा वाटला तरी उमेदवारीशी त्याचा थेट संबंध आहे. पोटनिवडणूक होणार की नाही हेच ठरत नसेल तर बळकट माणूस पैसा आणि वेळ अडकवत नाही. मग पुढे येतात घरचे लोक, किंवा हरलो तरी काय बिघडतं म्हणणारे.

घरच्या लोकांबद्दल एक गैरसमज आहे, की सहानुभूती हमखास चालते. बीडमध्ये ती चालली, आणि इतकी की 2014 मध्ये दिवंगत मंत्र्यांची कन्या 6,96,321 मतांनी निवडून आली. पालघरमध्ये 2018 ला उलट झालं. दिवंगत भाजप खासदारांच्या मुलाला शिवसेनेने उभं केलं, भाजपने काँग्रेसमधून आलेल्या माणसाला तिकीट दिलं, आणि भाजप 29,572 मतांनी जिंकला. पुढच्याच वर्षी युतीत ती जागा शिवसेनेकडे गेली, तर जिंकलेला खासदारही जागेबरोबर शिवसेनेत गेला आणि पुन्हा निवडून आला. दिवंगत खासदारांच्या मुलाची वाट त्या जागेवर तरी तिथेच खुंटली. नांदेडला 2024 मध्ये काँग्रेसने दिवंगत खासदारांच्या मुलाला उभं केलं. त्याच दिवशी झालेल्या विधानसभेत त्या मतदारसंघातल्या सहाही जागा महायुतीने घेतल्या, आणि लोकसभा मात्र काँग्रेसने 1,457 मतांनी राखली. याला सहानुभूती म्हणावं की मतदाराने दोन यंत्रांवर दोन वेगळे हिशेब केले म्हणावं?

स्वतःहून राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्यांना लोक जास्त कडक मोजतात. साताऱ्याचे खासदार मे 2019 मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत 87,717 मतांनी हरले. त्या हरण्याचं श्रेय अजूनही एका पावसातल्या सभेला दिलं जातं. सभा गाजली हे खरंच, पण पाच महिन्यांत दुसऱ्यांदा मत मागायला आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे 2003 पाहिलेल्या सोलापूरकराला त्या सभेआधीच माहीत होतं.

आपल्या जिल्ह्यातली अलीकडची पोटनिवडणूक विधानसभेची, पंढरपूर-मंगळवेढ्याची. तो मतदारसंघ सोलापूर लोकसभेतच येतो. आमदारांच्या निधनानंतर राष्ट्रवादीने त्यांच्या मुलाला उमेदवारी दिली. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार, मंगळवेढ्याच्या 35 गावांच्या पाण्याचा जुना प्रश्न, वर कोरोनाची दुसरी लाट. भाजपने 2019 मध्ये अपक्ष लढलेल्या उमेदवाराला घेतलं, विरोधी मतं एका जागी आणली आणि 2 मे 2021 च्या निकालात 3,733 मतांनी जागा जिंकली. सहानुभूती होती, पण पलीकडे बेरीज झाली होती.

सोलापूर लोकसभेची पोटनिवडणूक त्याआधी वर्षभर चर्चेत होती, आणि ती झालीच नाही. 2019 मध्ये निवडून आलेल्या भाजप खासदारांचा जातीचा दाखला फेब्रुवारी 2020 मध्ये जात पडताळणी समितीने अवैध ठरवला. जागा राखीव, त्यामुळे खासदारकी गेली असंच अनेकांनी धरलं आणि इच्छुकांची नावं पेपरात येऊ लागली. 2019 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले माजी केंद्रीय गृहमंत्री आणि 1,70,007 मतं घेणारे वंचितचे नेते, दोघांच्याही नावाची चर्चा होती. पण दाखला अवैध ठरणं वेगळं आणि लोकसभेची जागा रिकामी होणं वेगळं. प्रकरण कोर्टात गेलं, खासदारांनी मुदत पूर्ण केली.

2024 मध्ये ही जागा काँग्रेसने घेतली ती शहर मध्यच्या आमदारांना उभं करून. समोर भाजपने माळशिरसचे आमदार आणले होते. म्हणजे कोणीही जिंकलं असतं तरी जिल्ह्यात विधानसभेची एक जागा रिकामी होणारच होती. शहर मध्यची झाली. त्या वेळी विधानसभेची मुदत संपायला सहा महिनेही नव्हते, फूटपट्टी कुठूनही धरली तरी पोटनिवडणूक लागत नव्हती. शहराच्या मध्यवर्ती भागाला जूनपासून आमदार नव्हता, आणि नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जागा भाजपने काँग्रेसकडून घेतली.