माकडतापाची पार्श्वभूमी: विषाणुतज्ज्ञाचे अर्धे काम जंगलात

१९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) सुरू झाले, ते मुख्यतः डास-गोचिडांतून पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठी. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण वाढले. हाच पुढे माकडताप म्हणून ओळखला गेला. पहिली भीती पीतज्वराची (यलो फिव्हर) होती, कारण दक्षिण अमेरिकेत तो येतो तेव्हाही माकडे मरतात. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने उंदराच्या तान्ह्या पिल्लांच्या मेंदूत टोचले. हाती आलेला विषाणू रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणला असेल का, या शंकेतून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याच्या मोहिमेला बळ मिळाले. माकडतापाचे कोडे त्यातून सुटले नाही, पण पक्षिशास्त्राचा मोठा फायदा झाला.

या क्षेत्रात येणाऱ्याला प्रयोगशाळेइतकेच बाहेरचे काम शिकावे लागते. पांढरे फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून ओढायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडांची पिल्ले चिमट्याने उचलायची, जातीनुसार वेगळी करायची आणि गट करून तपासायची. मुख्य वाहक हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचिडांची जात. माणसाला बहुधा पिल्लेच चावतात आणि ती डिसेंबर ते मे या काळात जास्त असतात, म्हणून साथ तेव्हा वाढते. मेलेले माकड कुजले की विषाणू हाती लागणे अवघड, त्यामुळे गावकऱ्यांची खबर वेळेवर मिळाली पाहिजे.

रुग्णाच्या नमुन्यातही दिवस मोजावे लागतात. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू असतो, तेव्हा विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी उपयोगी. नंतर आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीरात आधी तयार होणारी प्रतिपिंडे, तपासावी लागतात. उशिरा घेतलेल्या रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असे मुळीच नाही. नमुना वाटेत गरम झाला तरी अहवाल फसतो. शिवाय काम धोक्याचे: सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेतल्या अनेकांना लागण झाली. आज पुण्यात पाषाणला, २०१२ पासून, बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा आहे.

विषाणू मात्र सह्याद्रीतून सरकत राहिला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आढळला. काजूच्या बागांत पाचोळा गोळा करणारे मजूर आता जोखमीत आहेत. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली जुनी लस महिन्याच्या अंतराने दोनदा आणि पुढे बूस्टर म्हणून देत. तिचा प्रभाव अपुरा ठरल्यावर कर्नाटकाने २०२२ मध्ये ती थांबवली.