वरण-अंड्यानं टाके पिकत नाहीत

बरंच वजन उतरल्यावर पोटाची लोंबती कातडी काढली, की घरचे वरण, दूध, अंडी बंद करून पेशंटला पेजेवर ठेवतात. ‘टाके पिकतील’ हा समज मराठवाड्यात अजून पक्का आहे. पू जंतूंमुळे होतो, वरणामुळे नाही. उलट जखम प्रथिनांवरच भरते आणि वजन उतरवायला जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत ती आधीच कमी असू शकतात. म्हणून कातडी काढण्याच्या महिनाभर आधीपासून रोज किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जाऊ द्या. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत सुमारे २५. लातूर-हिंगोलीच्या शिवारात सोयाबीन भरपूर, ताटात मात्र दिसत नाही, याचं वाईट वाटतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. हिमोग्लोबिन, बी-१२ आधी तपासून घ्या.

जखमेचा खरा वैरी तंबाखू. मिसरी आणि गुटखासुद्धा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडते, जखम उसवते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान ४-४ आठवडे पूर्ण बंद.

नुसतं पडूनही राहू नका, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. डॉक्टर हो म्हणाले, तर पहिल्या दिवसापासूनच, कमरेत किंचित वाकून, आधारानं चाला. ताप, वाढती लाली किंवा एकाच पोटरीला सूज आली तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.