हलकी मोबाइल कार्यप्रणाली

हलकी मोबाइल कार्यप्रणाली : कमी रॅम, थोडे स्टोरेज आणि साधा प्रोसेसर असलेल्या स्वस्त फोनवरही रोजची कामे न अडखळता व्हावीत, म्हणून मुद्दाम आटोपशीर बांधलेली ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइडची ‘गो’ आवृत्ती आणि कायओएस ही तिची भारतात परिचित झालेली रूपे.

सांगली-सातारा भागात या विषयाचा संबंध थेट शेतीशी येतो. तासगाव-मिरजेकडचा बागायतदार द्राक्षाच्या पानावर डाऊनी हा बुरशीचा रोग दिसला की आधी पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो, मग फवारणीचे ठरवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन अ‍ॅपमधून पिकाचा फोटो काढायचा असतो. त्यावरून सात-बाऱ्यावर पीक नोंदले जाते. म्हणजे फोन ही आता चैन राहिलेली नाही, ते शेतीचे अवजार आहे. आणि हे अवजार घरोघरी महागडे असेल असे धरून चालता येत नाही.

फोन अडतो कुठे, ते नीट समजून घ्यायला हवे. रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा धरला, तर स्टोरेज हे फडताळ. ओटा लहान असला की एक भांडे ठेवायला दुसरे उचलावे लागते. कोणत्याही अ‍ॅपमध्ये फॉर्म अर्धा भरून कॅमेरा उघडला, की १ जीबी रॅमच्या फोनवर एकट्या कॅमेऱ्यालाच ओटा अपुरा पडतो. मग फोन मागचे अ‍ॅप गुपचूप बंद करतो आणि फोटो काढून परत यावे तर फॉर्म कोरा! जतच्या माळावर भर उन्हात गट नंबर पुन्हा भरणाऱ्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. त्याचे काहीही चुकलेले नसते. अर्धवट माहिती जपून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. ती वापरणे ही अ‍ॅप लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.

हलकी प्रणाली या ओट्याची काटकसर करते. पाठीमागे एका वेळी किती अ‍ॅप जागी राहतील यावर ती मर्यादा घालते. झेडरॅम या युक्तीत तूर्त न लागणारी माहिती दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवली जाते. भांडी पसरून न ठेवता त्यांची उतरंड रचावी तसे. फडताळाचीही काळजी घ्यावी लागते, कारण सणावाराच्या शुभेच्छांची चित्रे आणि व्हिडिओ साठून ‘स्टोरेज फुल्ल’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून गो आवृत्तीसोबत येणारी गूगलची अ‍ॅप सुमारे निम्मी जागा घेतील अशी बांधली गेली, आणि नको त्या फायली शोधून पुसणारे ‘फाइल्स गो’ २०१७ मध्ये आले.

हलकेपणासाठी सुरक्षितता सोडावी लागते, हा समज मात्र चुकीचा आहे. स्वस्त प्रोसेसरमध्ये कूटलेखनाची, म्हणजे फोनमधली माहिती परक्याला वाचता येणार नाही अशा रूपात साठवण्याची, खास सोय नसल्याने त्यावर नेहमीची पद्धत फार संथ चाले. गूगलने २०१९ मध्ये ‘अ‍ॅडिअँटम’ ही अशाच प्रोसेसरांवर वेगाने चालणारी पद्धत मांडली. गरिबाच्या फोनमधला बँकेचा मेसेजही तितकाच जपला गेला पाहिजे, आणि त्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे.

५१२ एमबी रॅमवर चालेल असे अँड्रॉइड ४.४ ‘किटकॅट’ २०१३ मध्ये आले. पुढच्या वर्षी मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरचे दोनेक हजार रुपयांचे फोन भारतात विकायला आले. १२८ एमबी रॅमवर ते फार काळ टिकले नाहीत. फायरफॉक्स ओएसच्याच सर्वांना खुल्या असलेल्या मूळ कोडवर उभी राहिलेली कायओएस मात्र बटणांच्या जिओफोनमधून २०१७ नंतर गावोगाव पोहोचली. १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर तो फोन हाती येत होता. १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमसाठीची अँड्रॉइड गो डिसेंबर २०१७ मध्ये ८.१ ‘ओरिओ’सोबत आली. २०२१ च्या दिवाळीतल्या जिओफोन नेक्स्टमध्ये अँड्रॉइडवर आधारित ‘प्रगती ओएस’ होती. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची तिच्यातली सोय, अक्षरओळख कमी असलेल्या माणसाच्या दृष्टीने रॅमच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाची म्हणायला हवी.

या प्रणालींची खरी अडचण फोन जुना होताना कळते. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात, फोनचा ओटा तेवढाच राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले फोन आंदोलन करून परत केले. २ जीबी रॅमचे ते फोन कामाचे अ‍ॅप पेलत नाहीत, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. प्रणालीची स्वतःची भूकही वाढते : अँड्रॉइड १३ च्या गो आवृत्तीला किमान २ जीबी रॅम लागते. कायओएसवर तर जून २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅप नव्याने घेताच येत नाही. बटणे शाबूत, बॅटरी दोन दिवस टिकणारी, तरीही बागेतल्या पानाचा फोटो पाठवायला असा फोन आता उपयोगी पडत नाही.