हातचा का विसरतो?

दुसरीच्या वर्गात फळ्यावर ४८ + ३७ ही बेरीज आहे. आठ आणि सात पंधरा. पाच खाली लिहायचे, एक हातचा. चार आणि तीन सात, हातचा एक मिळून आठ. उत्तर ८५. एखादं मूल ७५ लिहितं आणि लगेच बाई विचारतात, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ बरेचदा ते बाईंच्या चेहऱ्याकडेच असतं.

हातचा जिथे धरून ठेवायचा, त्याला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. एखादी गोष्ट काही क्षण डोक्यात धरायची आणि तेवढ्यात तिच्यावर काम करायचं, हे तिचं काम. ती फार तोकडी असते. ‘चुकलं तर?’, ‘सगळे हसतील’ हे विचारही तिथेच येऊन बसतात आणि हातचा निसटतो.

२००१ साली अमेरिकेत मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी हे तपासलं. महाविद्यालयातल्या मुलांना त्यांनी काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली आणि ती डोक्यात असतानाच बेरजा सोडवायला दिल्या. बिनहातच्याच्या बेरजांत गणिताला घाबरणाऱ्यांची आणि इतरांची फारशी तफावत नव्हती. हातच्याची बेरीज आणि लक्षात ठेवायची अक्षरंही जास्त, असं झालं की घाबरणाऱ्यांच्या चुका एकदम वाढत. बेरीज त्यांना येत होतीच.

शरीरातही हेच चाललेलं असतं. ओरडा बसला की मेंदूतला अमिग्डाला धोक्याची सूचना देतो, ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते. कपाळामागचा, विचार करणारा भाग अशा वेळी ढिला पडतो. कॉर्टिसॉल हे संप्रेरक तर ताणाच्या प्रसंगानंतर साधारण वीस-तीस मिनिटांनी सर्वाधिक होतं. म्हणजे बाई रागावून पुढच्या उदाहरणाकडे वळल्या, तरी मुलाचं शरीर अजून त्या रागावण्यातच असतं. पुढचा बराचसा तास त्याच्यापुरता वाया जातो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. मारायचं नाही, हे त्यामुळे निदान कागदावर तरी ठरलं. पण मारलं नाही म्हणजे आधार दिला असं होत नाही, आणि फरक पडतो तो आधारानेच. ब्रिजेट हॅमर आणि रॉबर्ट पियान्टा यांनी २००५ साली अमेरिकेतल्या ९१० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयातच जी मुलं मागे पडण्याची भीती होती, त्यांच्यापैकी ज्यांना पहिलीत मायेने वागणारे, मुलाची अडचण ओळखणारे शिक्षक मिळाले, ती वर्षअखेरीस इतर मुलांच्या बरोबरीने आली. ज्यांना तसे शिक्षक मिळाले नाहीत, ती मागेच राहिली.

आधार द्यायला वेगळा तास लागत नाही. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या आसपास वर्गांची शेकडो ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि दुसऱ्या मुलाकडे वळत. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली. एरवी ‘ढ’ समजली जाणारी मुलंही त्यात होती. मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पन्नास-साठ मुलांच्या वर्गातही तो करता येतो. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि तोवर चेहऱ्यावर आठी येऊ द्यायची नाही. तीन सेकंद वर्गासमोर गप्प राहणं शिक्षकाला सुरुवातीला फार जड जातं, हेही खरं.

मायेने वागलं की मुलं डोक्यावर बसतात, अशी अनेकांना भीती वाटते. पण माया म्हणजे चुकलेलं खपवून घेणं नव्हे. अमेरिकेत डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांचे निबंध तपासून परत दिले. शिक्षकांचे शेरे आणि दुरुस्त्या सगळ्यांच्याच कागदावर होत्या. काहींच्या कागदाला मात्र अशा अर्थाची चिठ्ठी होती: ‘माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे दिलेत.’ इतरांच्या चिठ्ठीत फक्त ‘हे माझे शेरे’ एवढंच. निबंध पुन्हा लिहायचा की नाही, हे मुलांवर सोडलं होतं. साध्या चिठ्ठीनंतर कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी तो सुधारून दिला. विश्वासाच्या चिठ्ठीनंतर ७२ टक्क्यांनी.